पेंग्विन की पांढरं अस्वल? बेळगावातून ध्रुवाकडे जायचंय, सल्ला हवा

उद्यमबागवाला
११ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथं मी बहुतेक वाचायलाच असतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी बेळगावचा. उद्यमबागेत छोटं मशीन शॉप होतं, गेल्या दिवाळीत पोराच्या हवाली केलं. वय ६२, मंडळी ५७. तिनं ३० वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढायचा आणि वर-खाली खडू आडवा धरून पांढरं फासायचं. आता म्हणते, ते पांढरं खरंच आहे का एकदा बघून येऊ. आम्ही दोघांनी आजवर बघितलेला बर्फ म्हणजे मनालीचा, निम्मा चिखल.

मागचा गाळा विकला त्यातले पैसे बाजूला ठेवलेत. दोघांचं मिळून २५ लाखांच्या वर जायचं नाही असं ठरवलंय. पुढच्या वर्षीचा डिसेंबर-जानेवारी डोक्यात आहे.

एका ट्रॅव्हलवाल्यानं कोटेशन दिलंय. ब्यूनोस आयर्सहून १४ दिवसांची क्रूझ, त्यात चार दिवस अंटार्क्टिका. जहाजावर थिएटर, कॅसिनो, पोहायचे तलाव, सगळं. भाडं बाकीच्यांच्या निम्मं. मला सौदा बरा वाटायलाय, पण इतका बरा सौदा दिसला की धंद्यातल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. दुसरीकडे जावई म्हणतोय दक्षिणेचा नाद सोडा, उत्तरेला नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर जा, पांढरं अस्वल बघा, विमानही थोडक्यात आटपतं.

कुणी गेलंय का? आणि एक शंका शेवटी विचारतो, हसू नका. मला गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात गाडी लागते. पुढच्या सीटवर बसूनसुद्धा.

खानापूरची_लेक
११ जून, रात्री ९:५८

काका, हसले नाही. (हसले.) मलाही जांबोटीच्या पुढं लागते. वाचनखूण साठवली.

निपाणीकर_भ्रमंती
११ जून, रात्री ११:१५

अण्णा, ते कोटेशन आधी कपाटात ठेवा.

अंटार्क्टिकात पर्यटक नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो नावाची संघटना आहे, १९९१ सालची. त्यांचा नियम असा, की ज्या जहाजावर ५०० च्या वर प्रवासी आहेत त्यातल्या एकालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही. आणि लहान जहाज असलं तरी एका जागी एका वेळी १०० च्या वर माणसं जमिनीवर नकोत. कॅसिनो आणि थिएटर असलेल्या जहाजावर दोन-तीन हजार माणूस असतो. म्हणजे तुम्ही चार दिवस काचेआडून बर्फ बघणार आणि परत येणार. चालत्या रेल्वेतून दूधसागर बघितल्यासारखं. दिसला म्हणायला दिसला, तोवर गाडी पुढच्या बोगद्यात.

आता त्याच नियमाचं गणित पुढं न्या. २०० प्रवाशांच्या जहाजात दोन पाळ्या होतात. निम्मे खाली उतरले की निम्मे रबरी होडीतून हिमनगांमधून फिरतात, मग अदलाबदल. १०० च्या आतलं जहाज असेल तर सगळे एकदम खाली, पण त्याचं भाडं चढतं आणि लहान जहाज हलतंही जास्त. आम्ही दोन वर्षांमागं जानेवारीत १७० जणांच्या जहाजातून गेलो. आम्हाला ते बरोबर जमलं.

आमचा हिशेब सांगतो. अर्जेंटिनाच्या टोकाचं उशुआया गाव, तिथून ११ दिवसांची फेरी. त्यातले चार दिवस जाता-येता ड्रेक पॅसेज, म्हणजे मधला खवळलेला समुद्र, पार करण्यात गेले. उरलेल्यांत नऊ वेळा उतरणं किंवा होडीची चक्कर झाली. एक अख्खा दिवस वाऱ्यानं खाल्ला. लेमेअर खाडी म्हणून एक अरुंद वाट आहे, दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, सगळ्या जाहिरातींत तिचाच फोटो. आम्ही तिच्या तोंडाशी गेलो तर आत बर्फ गच्च. कॅप्टननं जहाज फिरवलं. एक गुजराती गृहस्थ रिसेप्शनवर जाऊन भांडायलेत, की कागदावर लिहिलंय, मग दाखवा. ती पोरगी शांतपणे म्हणाली, सर, बर्फानं तो कागद वाचलेला नाही.

म्हणून सांगतो, कंपन्यांच्या कागदावर 'दिवस पाचवा, अमुक बेट' असं असतं ना, ते पक्कं वेळापत्रक धरू नका. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचा बेत सांगतात आणि सकाळी वारा बघून तो बदलतात. आम्हाला लेमेअर चुकली, पण त्याच दुपारी नुसत्या भटकंतीत कुबड्या देवमाशांची जोडी होडीपासून इतकी जवळ आली की त्यांच्या फुत्काराचा वास आला. वास वाईट होता.

पेंग्विनबद्दल लिहायला बसलो तर सकाळ होईल. तीन जाती दिसल्या. जेंटू, हनुवटीखाली काळी रेघ असलेला चिनस्ट्रॅप आणि अडेली. आपण पाच मीटर लांब राहायचं. तो आपणहून जवळ आला तर आपण गप उभं राहायचं. बर्फात त्यांच्या येण्या-जाण्याच्या दबून गेलेल्या वाटा असतात, त्या आडव्या ओलांडताना आधी त्यांना जाऊ द्यायचं. आपला पाय भुसभुशीत बर्फात गुडघाभर गेला तर झालेला खड्डा बुजवून पुढं जायचं, नाहीतर त्यात पेंग्विन पडतो आणि त्याला वर येता येत नाही. पेरलेल्या रानातून आपण बांधावरनं जातो, तसं सगळं चालणं. बर्ड फ्लूचा विषाणू २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या भूमीवर सापडला, तेव्हापासून खाली बसायचं नाही आणि पिशवी जमिनीवर टेकायची नाही. फोटोसाठी आडवं पडणाऱ्यांची पंचाईत झालीय.

कारवारचा_फिटर
१२ जून, पहाटे ५:२०

ड्युटीवर आहे, तुटक लिहितो.

मी अशा जहाजांच्या इंजिनरूममध्ये चार हंगाम काढलेत. ड्रेकबद्दल दोन्ही बाजूंनी थापा चालतात. जे तळ्यासारख्या पाण्यातून आले ते म्हणतात उगाच बाऊ. ज्यांना लाटा लागल्या ते मरेपर्यंत तेच सांगतात. दोन्ही खरं आहे. तिथं अंटार्क्टिकाभोवती गोल फिरणारा वारा आणि प्रवाह आहे, त्याला अडवायला वाटेत कुठं जमीनच नाही. आणि तो सगळा दोन खंडांमधल्या ८०० किलोमीटरच्या फटीतून जातो. फुगलेली मलप्रभा पुलाच्या कमानीखालून जाताना बघितली असेल तर कळेल.

लाटा असल्या की टेबलावर ओला कपडा घालतात, त्यावर ताटं सरकत नाहीत. खुर्च्या साखळीनं बांधतात. 'एक हात जहाजाला' हा आमचा नियम. दाराच्या फटीत बोटं घालू नका. दरवर्षी कुणाचं तरी बोट जातंच.

खोली घेताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली घ्या. हलणं तिथं सगळ्यात कमी. वरची बाल्कनीवाली महाग खोली म्हणजे जास्त पैसे देऊन जास्त झोके. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी एकदम शांत होतं, खाली इंजिनात असलो तरी कळतं. मग बर्फाचे तुकडे पत्र्याला घासल्याचा आवाज येतो. त्या दिवशी आमचे सगळे वर जाऊन एकदा बघून येतात, चार हंगाम झाले तरी.

पेंग्विनांची वसाहत दिसायच्या आधी नाकाला कळते. सुकी मासळी आणि कोंबड्यांचं खुराडं एकत्र करा.

बुडायची भीती विचारली नाहीत, पण बायको विचारेल म्हणून सांगतो. २००७ मध्ये एक्सप्लोरर नावाचं जहाज तिथं बर्फाला आदळून बुडालं होतं. १५४ माणसं होती, सगळी वाचली. २०१७ पासून ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांना पोलर कोड नावाची सुरक्षेची नियमावली लागू आहे.

उद्यमबागवाला
१२ जून, सकाळी ८:०५

कोटेशन कपाटात नाही, चुलीत गेलं. निपाणीकर, कारवारकर, तुमचे उपकार.

मंडळींनी दोन प्रश्न दिलेत. एक, अंटार्क्टिकातलं भारताचं मैत्री स्टेशन बघायला मिळेल का? दोन, जावयाच्या अस्वलाचं काय?

मैत्री_हिवाळा
१२ जून, दुपारी १:३०

मैत्रीवर मी एक हिवाळा काढलाय, म्हणून पहिल्याचं उत्तर मी देतो. नाही मिळणार. ही पर्यटक जहाजं जातात ती दक्षिण अमेरिकेच्या दिशेला वर आलेल्या द्वीपकल्पावर. मैत्री शिरमाखर ओअॅसिस या खडकाळ पट्ट्यात आहे, तिथून हजारो किलोमीटर लांब, आणि आम्ही जातो ते केप टाऊनवरून. आपलं दुसरं स्टेशन भारती तर आणखी पलीकडे. पहिलं दक्षिण गंगोत्री १९८३ चं, ते बर्फात गाडलं गेलं. १९८९ मध्ये मैत्री झालं, २०१२ मध्ये भारती.

मॅडमना सांगा, भारताच्या अंटार्क्टिकाचं मुख्य ऑफिस आपल्या घाटाखालीच आहे. गोव्यात वास्कोला हेडलँड सडा इथं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. मोहिमांची सगळी तयारी तिथून होते. बेळगावातले निम्मे लोक दर महिन्याला गोव्याला जातात आणि त्याच्या खालून मासे खाऊन परत येतात.

दुसऱ्याचं अर्धं उत्तर. स्वालबार्डला गेलात तर भारताचं स्टेशन दिसण्याचा योग येऊ शकतो. न्यू-ऑलेसुंड गावात २००८ पासून हिमाद्री आहे, आणि काही जहाजं त्या गावात थांबतात.

हल्याळची_ज्योती
१२ जून, दुपारी ४:४५

आम्ही दोघी बहिणी स्वालबार्डला गेलो होतो जुलैत. लाँगइयरब्येन हे ७८ अंश उत्तरेचं गाव, तिथून आठ दिवस जहाज. रात्र होतच नाही. पडदा लावून झोपायचं, आणि बाराला उठून डेकवर गेलं तर दुपारी चारचं ऊन.

फायदे आधी. समुद्र बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाला, त्यामुळे काकांच्या पोटाला सोपं. खर्च आम्हाला बराच कमी आला. वॉलरस, रेनडिअर, कड्यांवर लाखो पक्षी, आणि कोल्हे. शिवाय फुलं! अंगठ्याच्या नखाएवढी जांभळी फुलं, दगडाच्या आडोशाला धरून बसलेली. बर्फापेक्षा मला तीच जास्त आठवतात.

आता अस्वल. तीन दिसली. पहिलं म्हणजे दुर्बिणीत एक पिवळट ठिपका, तो हलला तेव्हा कळलं. २०२५ पासून तिथं नियम कडक झालाय. अस्वलापासून किमान ३०० मीटर लांब, आणि मार्च ते जून अखेर ५०० मीटर. संरक्षित भागात २०० च्या वर प्रवासी असलेलं जहाज जातच नाही, उतरायच्या जागाही ठरवून दिल्यात. जाहिरातीत अस्वल जहाजाच्या नाकाला नाक लावून उभं असतं, तसं डोक्यात घेऊन जाऊ नका. चांगली दुर्बीण न्या, दोघांना दोन. एका दुर्बिणीवरनं आमचं कडाक्याचं भांडण झालंय. जमिनीवर उतरलं की गाइडच्या खांद्यावर बंदूक असते आणि त्याच्या पुढं एक पाऊल टाकायचं नाही.

व्हिसाची गोम: स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, पण जायचं नॉर्वेमार्गे, आणि स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर धरतात. म्हणजे जाताना शेंगेन सोडता, येताना परत आत येता. एकदाच आत जायचा व्हिसा असेल तर परतीला अडकाल. दोनदा प्रवेशाचाच मागा.

येळ्ळूर_एक्सप्रेस
१२ जून, रात्री ८:१०

पेंग्विन बघायला एवढ्या लांब कशाला, राणीच्या बागेत आहेत की.

हल्याळची_ज्योती
१२ जून, रात्री ८:२२

भायखळ्याचे हंबोल्ट पेंग्विन पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांनी बर्फ बघितला असेल तर फ्रीजमधलाच.

सीमावासी
१२ जून, रात्री ९:००

अवांतर आहे, पण राहवत नाही. अंटार्क्टिकाचा नकाशा बघितला तर तिथंही सीमाप्रश्न आहेच की! सात देशांनी हक्क सांगितलाय. त्यातले अर्जेंटिना, चिली आणि ब्रिटन, तिघांचे तुकडे एकमेकांवर चढलेत, आणि नेमक्या त्याच भागात अण्णा फिरायला जायलेत. अर्जेंटिनानं तर १९७८ मध्ये आपल्या एस्पेरान्सा तळावर एका बाळाचा जन्मच घडवून आणला, हक्क मजबूत व्हावा म्हणून. एमिलियो पाल्मा त्याचं नाव. चिलीनं तळावर कुटुंबं राहायला नेली, शाळा काढली. ब्रिटननं पोर्ट लॉकरॉयला पोस्ट ऑफिस ठेवलंय. तिथून घरी पत्र टाकता येतं.

आणि मग १ डिसेंबर १९५९ ला १२ देशांनी करार केला. त्याचं चौथं कलम वाचा. कुणाचा हक्क मान्य नाही, कुणाचा नाकारलेला नाही, आणि करार आहे तोवर नवा हक्क सांगायचा नाही. जे आहे ते तसंच गोठवून टाकलं. आम्ही १९५६ पासून जे बघायलोय त्याला असलं एखादं चौथं कलम का सुचलं नाही कुणाला?

येळ्ळूर_एक्सप्रेस
१२ जून, रात्री ९:०६

गोठवायला बर्फ लागतो. आमच्याकडं नुसता धुरळा.

संपादक
१२ जून, रात्री ९:३०

सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, तिथे ३,८०० प्रतिसाद झाले आहेत. इथे बर्फापुरतं बोला.

शहापूरचा_डॉक्टर
१३ जून, सकाळी ७:१५

उद्यमबागवाले, तुमच्या शेवटच्या शंकेवर कुणी नीट बोललं नाही, म्हणून लिहितोय. त्याआधी एक गोष्ट, जिच्याकडे इथं अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

अर्जेंटिना आणि ब्राझील हे दोन्ही देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. बहुतेक विमानं तुम्हाला साओ पाउलोवरून नेणार. तिथून परत येताना लस घेतल्याचं प्रमाणपत्र हवं, आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ब्यूनोस आयर्स आणि उशुआयाला हा ताप नाही, तरी कागद लागतो. प्रमाणपत्र एकदा घेतलं की आयुष्यभर चालतं. लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रांतच मिळते. तुम्हाला मुंबई नाहीतर गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य केंद्र. वार आणि वेळ फोन करून विचारा.

आता अडचण. तुम्ही ६२ चे. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचं प्रमाण थोडं जास्त असतं. दुर्मीळच, पण जास्त. घ्यायचीच नाही असं नाही. आधी तुमच्या फिजिशियनबरोबर बसून जुने आजार, चालू औषधं सगळं काढा. वहिनींना ही अडचण नाही. लस नको असं ठरलं तर दुसरी वाट आहे. चिली या यादीत नाही. युरोपमार्गे सांतियागो, तिथून पुंता अरेनास, आणि तिथून किंग जॉर्ज बेटावर थेट विमान, साधारण दोन तासांचं. जहाज तिथं उभं असतं. ड्रेक अख्खा टळतो, तुमचा चोर्ला प्रश्नही सुटतो. पण भाडं जास्त, आणि धुकं असलं की विमान उडत नाही. मग पुंता अरेनासच्या हॉटेलात बसून राहायचं.

जहाज लागण्याबद्दल. घाटात आपण अवोमिन घेतो तीच गोळी तिथंही चालते, फक्त झोप येते. गोळी पोट ढवळायच्या आधी घ्यायची, नंतर घेतलेली बाहेरच येते. कानामागं लावायची स्कोपोलामिनची पट्टी तीन दिवस काम करते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. आल्याची वडी, रिकामं पोट न ठेवणं, फोनमध्ये तोंड न घालणं, क्षितिजाकडं बघणं, हे आजीबाईचे उपाय खरंच उपयोगी आहेत.

रोजची औषधं दुप्पट न्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा. जहाजावर डॉक्टर असतो, पण ऑपरेशन थिएटर नसतं. जवळचं इस्पितळ काही वेळा दोन-तीन दिवसांवर. म्हणून बहुतेक कंपन्या तिथून उचलून आणायच्या खर्चाचा विमा सक्तीचा करतात. विमा काढताना बीपी-साखर लपवू नका. प्रीमियमचे चार पैसे वाचवायला गेलात तर दावा नाकारायला तेच कारण पुरतं.

भीमगड_रानवाट
१३ जून, रात्री १०:५०

धागा वाचतोय आणि मनात खटकतंय ते लिहितो. काकांवर राग नाही.

१९९० च्या आसपास वर्षाला काही हजार माणसं अंटार्क्टिकाला जायची. आता एका हंगामात लाखाच्या वर. बर्फ वितळतोय, संपायच्या आधी बघून घेऊ म्हणून विमानानं अर्धी पृथ्वी ओलांडायची, मग जहाजात इंधन जाळत त्याच बर्फापर्यंत जायचं. द्वीपकल्पावरचे अडेली कमी होतायत आणि जेंटू दक्षिणेकडं सरकतायत, हे तिथले शास्त्रज्ञच सांगतात. आमच्याकडं भीमगडात बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं वटवाघूळ आहे, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं. ते बघायला लोक यायला लागले तर आम्ही वाट दाखवणार नाही. मग पेंग्विनांची वाट का दाखवायची?

कारवारचा_फिटर
१४ जून, पहाटे ५:०५

भाऊ, मुद्दा खरा आहे. ऑगस्ट २०११ पासून तिथं जड काळं इंधन न्यायला बंदी आहे, हलकं डिझेल जाळतो. धूर धूरच. एवढं मात्र बघितलंय, की उतरण्याआधी प्रवाशांच्या बुटांच्या खाचेतली माती टाचणीनं काढतात, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेली कुसळं व्हॅक्यूमनं ओढतात, मग बूट औषधात बुडवतात. एक गवताचं बी जाऊ नये म्हणून. आपल्या जंगलांत गेटवर प्लास्टिकची बाटलीसुद्धा बघत नाहीत.

उद्यमबागवाला
१४ जून, सकाळी ९:२०

रानवाट, तुमचं वाचून दोघंही चहा थंड होईपर्यंत बसलो. उत्तर नाही माझ्याकडं. चाळीस वर्षं लेथवर तेल सांडलं, पर्यावरणाचा कैवारी म्हणून मिरवणार नाही. जायची इच्छाही सुटत नाही. एवढं करू, की लहान जहाज घेऊ आणि एकदाच जाऊ. हे उत्तर नाही, मला कळतं.

भीमगड_रानवाट
१४ जून, सकाळी ९:४१

खरं बोललात. जाऊन या. आल्यावर वटवाघळांवर एक धागा काढेन, तिथं या.

हिशेबी_चिकोडी
१४ जून, दुपारी १२:१०

पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी. गेल्या वर्षी आईवडिलांसाठी सगळी कोटेशनं मागवली होती, शेवटी वडिलांच्या गुडघ्यानं बेत मोडला. पण वही भरलेली आहे.

दोघांच्या खिडकीवाल्या खोलीचं दहा-अकरा दिवसांचं भाडं मला माणशी आठ ते अकरा हजार डॉलरच्या मध्ये सांगितलं. तिघांत एक खोली घेतली तर सहा-सातपर्यंत उतरतं. जेवण, उतरणं, व्याख्यानं त्यात धरलेली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरायला देतात. जाड जॅकेट काही कंपन्या कायमचं देतात, काही परत घेतात, विचारून घ्या. कयाक, बर्फावर तंबूत रात्र, इंटरनेट, टिप, हे सगळं वेगळं. टिपेचा आकडा बघून वडील म्हणाले होते, एवढ्यात निपाणीला एकर घेतो. (घेता आलं नसतं. पण भावना पोचली.)

विमान, व्हिसा, विमा, उशुआयाचं हॉटेल धरून २५ लाखांत दोघं बसाल. चिलीवरून बर्फापर्यंत विमानानं गेलात तर बसणं कठीण. परदेशी टूरवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, ते नंतर आयकरात वळतं होतं, पण भरताना खिशातनं जातं. दर बदलत राहतात, सीएला विचारून घ्या. आगाऊ रक्कम भरल्यावर उरलेली साधारण तीन-चार महिने आधी मागतात, आणि त्यानंतर रद्द केलं तर जवळजवळ काही परत नाही. म्हणून विमा पहिला हप्ता भरतानाच.

उशुआयाला निदान दोन दिवस आधी पोचा. ब्यूनोस आयर्सला दोन विमानतळ आहेत. परदेशातलं विमान उतरतं एसेइसाला, उशुआयाची बरीच विमानं सुटतात शहरातल्या आएरोपार्केवरून. मध्ये तासभर गाडी, वर गर्दी. बॅग चुकली तर जहाज थांबत नाही. देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादाही कमी असते.

व्हिसा अर्जेंटिनाचा. मुंबईत त्यांचं वाणिज्य दूतावास आहे. अमेरिकेचा चालू पर्यटक व्हिसा असलेल्या भारतीयांना त्यांनी २०२५ मध्ये सवलत जाहीर केली, तुमच्याकडं असेल तर आधी ते बघा.

खानापूरची_लेक
१४ जून, दुपारी २:००

आणि जेवण? आमच्या घरी सगळे शाकाहारी.

निपाणीकर_भ्रमंती
१४ जून, दुपारी २:२५

आधी कळवलं तर व्यवस्थित देतात, पण सातव्या दिवशी त्या उकडलेल्या भाज्या बघून रडू येतं. आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी नेली होती. कडक भाकरी महिनाभर टिकते, ओली होऊ दिली नाही म्हणजे झालं. चिलीमार्गे जाणार असाल तर अशा वस्तू विमानतळावर सांगून टाका. तिथं बी-बियाणं आणि दुधाच्या पदार्थांवर फार कडक आहेत. कुंदा नेऊ नका. जहाजावरनं उतरताना खाण्याचा कणही खिशात नको, तो तिथला नियमच आहे.

कपड्यांबद्दल एकच. उन्हाळ्यात तिथं तापमान शून्याच्या आसपास असतं, महाबळेश्वरवाले घाबरतील, पण थंडीपेक्षा ओलं होणं वाईट. होडीत शिंतोडे येतात, उतरताना पाय पाण्यात. वरची पाणी न शिरणारी पँट चांगली घ्या, बाकी आत लोकर. सुती काही नको. आमगावच्या पावसात घोंगडं घेऊन जनावरं राखणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, छातीजवळ.

उद्यमबागवाला
१६ जून, रात्री ९:१०

मी ह्यांच्या नावानं लिहितेय, ह्यांची मिसेस. धागा आजच सगळा वाचला.

सगळ्यांचे आभार. ठरलं. दक्षिण. अस्वल नको असं नाही, पण उत्तरेला मधोमध समुद्र आहे, त्यावर तरंगणारा बर्फ. दक्षिणेला जमीन. ३० वर्षं मुलांना 'अंटार्क्टिका हा खंड आहे' असं सांगितलं आणि दरवर्षी एखादा पोरगा विचारायचाच, 'बाई, खाली खरंच माती आहे?' मी हो म्हणायचे. आता पाय टेकवून बघते.

जानेवारीचा पहिला आठवडा धरतोय, पिल्लं बाहेर आलेली असतात असं वाचलं. कारवारच्या दादांनी सांगितलेली खालच्या मजल्यावरची मधली खोली. ज्योतीताई, दुर्बिणी दोन घेतल्या, कालच. होडीत चढ-उतर जमायला हवी म्हणून मी रोज सकाळी राजहंसगडाच्या पायऱ्या चढायला लागलेय. हे खाली गाडीत बसून पेपर वाचतात.

डॉक्टरसाहेब, ह्यांची गुरुवारी तपासणी आहे. लस घ्या म्हणाले तर पाऊस ओसरल्यावर दोघं मुरगावला जाऊन घेऊ. नको म्हणाले तर चिली, आणि मग माझ्या दोन पाटल्या आहेतच, हे ऐकत नाहीत पण. वास्कोला गेल्यावर ते ध्रुवीय केंद्र निदान बाहेरून बघायचं आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. खानापूरची पोरगी येणार असेल तर वाटेत उचलू. ड्रेकच्या आधी ह्यांची चाचणी घ्यायची म्हणून चोर्ल्यानंच नेणार आहे.

कारवारचा_फिटर
१७ जून, पहाटे ५:१२

काकू, मागच्या सीटवर बसवा त्यांना.